पाव फेरा जास्त

खानदेशातले हात लोखंडावर तयार झाले. कापसामुळे गावोगाव जिनिंग-प्रेसिंग उभे राहिले, विहिरींवर ऑइल इंजिनं आली, भुसावळात रेल्वेचं मोठं काम आलं, आणि त्या बिडाच्या, पोलादाच्या यंत्रांवर नट-बोल्ट आवळता आवळता आमच्याकडच्या पिढ्या मिस्त्री झाल्या. बिडाचं अंग जाड असतं. त्यात आटे खोलवर पाडलेले असतात. जोर जास्त झालाच तर बहुधा आट्यांआधी बोल्ट तुटतो, आवाज होतो, मिस्त्रीला कळतं, दहा-वीस रुपयांचा नवा बोल्ट लागतो आणि काम पुढे सरकतं. त्यामुळे "आवळून झालं की वर पाव फेरा दे" ही उस्तादाची शिकवण तिथे खपून गेली.

आता त्याच हातांखाली ॲल्युमिनियम आलं आहे. मोटारसायकलचं इंजिन ॲल्युमिनियमचं. घराच्या सरकत्या खिडक्या ॲल्युमिनियमच्या. शेतातल्या सौर पॅनेलची चौकट आणि पत्र्याच्या छतावर पॅनेलखाली बसवायची पट्टीही ॲल्युमिनियमचीच. हात मात्र अजून तोच पाव फेरा देतो आहे. या पाव फेऱ्याने आमच्या दोन जिल्ह्यांत जे नुकसान चाललं आहे, त्याची नोंद कुठल्याच कागदावर होत नाही. नोंद नाही म्हणून जबाबदार कोणी नाही, आणि जबाबदार कोणी नाही म्हणून ते थांबत नाही. माझी तक्रार एवढीच आहे.

माझं लेथचं दुकान पारोळ्याला, हायवेलगत. एका अंगाला जळगाव, दुसऱ्या अंगाला धुळे, त्यामुळे दोन्हीकडची मोडतोड माझ्या दारात येते. त्यात सगळ्यात जास्त येते ती मोटारसायकलच्या ऑइल नटाची. इंजिनाच्या तळाला, ऑइल काढायचा तो मोठा नट. कुठल्यातरी चौकात ऑइल बदललं, पोराने लांब दांड्याचा पाना लावून नट दाबला, आणि दोन-तीन ऑइल बदलांनंतर एक दिवस गिऱ्हाईक गाडी ढकलत येतं. "भाऊ, नट नुस्ता फिरी राह्यना!" मी नट हळूच बाहेर काढतो, तर त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची चकचकीत बारीक तार गुंडाळलेली निघते. ती तार म्हणजेच इंजिनाचे आटे. नटाला काही झालेलं नसतं. पोलादाचा नट शाबूत आणि हजारो रुपयांचं इंजिन जखमी, असा हा सौदा.

ॲल्युमिनियम पोलादाच्या एक-तृतीयांश वजनाचं आणि ताठपणालाही साधारण एक-तृतीयांशच. त्याचे आटेही पोलादाच्या आट्यांपेक्षा कमी जोर सोसतात, म्हणून पोलादात बोल्टच्या जाडीइतकी आट्यांची खोली पुरते, तिथे ॲल्युमिनियममध्ये दीडपट ते दुप्पट लागते. आठ एमएमचा बोल्ट असेल तर बारा ते सोळा एमएम आत गेला पाहिजे. इंजिन बनवणाऱ्या कंपन्या हे जाणतात आणि तेवढी जागा ठेवतात. शिवाय नट किती जोराने आवळायचा, तो आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये छापलेला असतो. नटाखालचा वॉशर मऊ धातूचा देतात. तो दर वेळी बदलायचा असतो. आमच्याकडे तोच वॉशर वर्षानुवर्षं चालतो, मग ऑइल झिरपतं, आणि झिरपणं थांबवायला पुन्हा पाव फेरा.

आटे गेले की त्यावर आमच्याकडे तीन इलाज चालतात. पहिला, नटाला टेफ्लॉन टेप गुंडाळणे. दुसरा, एम-सील भरणे. तिसरा, एक साइज मोठा बोल्ट ठोकणे. पहिले दोन तर फसवणूकच. तिसरा इलाज एकदा चालतो, पण मोठ्या भोकाभोवती भिंत पातळ होते आणि पुढच्या वेळी तडा जातो. खरा इलाज हेलिकॉइल. स्टेनलेसच्या तारेचं, स्प्रिंगसारखं वळवलेलं वेटोळं. मोडलेल्या भोकात मोठे आटे पाडून ते आत बसवायचं, आणि त्याच्या पोटात मूळ मापाचा बोल्ट. आठ एमएमच्या बोल्टसाठी ८.३ च्या आसपासचा ड्रिल, मग त्याच कामासाठी मिळणारा वेगळा टॅप. ही गोष्ट नवीन नाही. गेल्या शतकात विमानांच्या ॲल्युमिनियमच्या इंजिनांत प्लगचे आटे जाऊ नयेत म्हणून ती निघाली, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांत भरपूर वापरली गेली. माझ्या अनुभवाने सांगतो, नीट बसवलेलं हेलिकॉइल मूळ आट्यांपेक्षा जास्त टिकतं.

नीट म्हणजे कसं, ते जरा सांगतो, कारण घाई नेमकी इथेच होते. टॅप गुण्या लावून काटकोनात उभा करायचा. हाताने फिरवायचा, मशीनने नाही. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे कीस तुटतो. वंगण म्हणून रॉकेल. ॲल्युमिनियमला रॉकेलइतकं मानवणारं स्वस्त दुसरं काही मला मिळालेलं नाही, आणि रेशनचं रॉकेल बंद झाल्यापासून ते मिळवणं हेच एक काम झालं आहे. कोरडा टॅप फिरवला तर ॲल्युमिनियम दातांना चिकटतं आणि पुढचे आटे ओरबाडत जातं. इंजिनाच्या तळाचं काम असेल तर रॉकेलऐवजी टॅपच्या खाचांत ग्रीस भरायचं, म्हणजे कीस ग्रीसमध्ये अडकून बाहेर येतो. लोखंडाचा कीस लोहचुंबकाने ओढून घेता येतो. हा येत नाही. आत राहिला तर सरळ बेअरिंगपर्यंत.

इतपत गाडीवाल्यांचं. पण गाडी निदान माझ्यापर्यंत ढकलत तरी येते. शेतातलं पॅनेल येत नाही.

सौरऊर्जा खानदेशाला नवी नाही. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा प्रकल्प २०१३ सालीच उभा राहिला. ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या त्याच्याही आधीपासून फिरताहेत. पण तिथे कंपनीची माणसं असतात, देखभालीचं वेळापत्रक असतं. २०१९ मध्ये केंद्राची कुसुम योजना आली आणि २०२४ मध्ये राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप', तसे हे पॅनेल एकेका शेतकऱ्याच्या बांधावर पोचले. शेतकऱ्याने किमतीच्या दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के, बाकी सरकार. पाच वर्षं दुरुस्तीची हमी, विमा. योजना चांगली आहे, मी तिच्या बाजूचा आहे. रात्री-अपरात्री विजेची वाट बघत, पायाखाली साप-विंचू येईल या भीतीने मोटार चालू करायला जाणारा शेतकरी ज्याने पाहिला आहे, तो दिवसा चालणाऱ्या पंपाविरुद्ध बोलणार नाही.

मी बोलतो आहे ते पंप बसवण्याबद्दल. कंत्राटदार काम उक्तं देतो. नगावर पैसे. चार पोरं टेम्पोतून येतात, सकाळी एका शेतात, दुपारी दुसऱ्या. हातात बॅटरीवरची इम्पॅक्ट गन. पॅनेलच्या चौकटीला मागून लांबट भोकं असतात. तिथून आठ एमएमचा स्टेनलेसचा बोल्ट घालून खालच्या गॅल्व्हनाइज्ड पट्टीला पॅनेल आवळायचं. चौकटीची ती कड दीड-दोन एमएमची. वॉशर न घालता इम्पॅक्ट मारली की बोल्टचं डोकं कडेत रुतून बसतं. वॉशर घातला आणि गन जास्त वेळ दाबली तर कड वाकते. वरून दिसत नाही काही. काच शाबूत, पाणी जोरात, फोटो छान, सही झाली.

यात एक गंमत आहे, जी पोरांना कोणी सांगितलेली नसते. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर कोरडा आणि वेगाने फिरवला की दोन्हीचे आटे घासून तापतात आणि एकमेकांत रुततात. नट मध्येच जाम होतो. गनवाल्याला वाटतं, घट्ट बसला. प्रत्यक्षात खाली पॅनेलवर दाब आलेलाच नसतो. म्हणजे हाताला घट्ट आणि कामाला ढिला. असा नट मी सोडवायला गेलो तर सुटत नाही, कापावा लागतो. थोडं अँटी-सीझ किंवा निदान ग्रीस, आणि शेवटचे फेरे हाताने, एवढ्यावर हे टळतं. ग्रीस लावल्यावर आवळण्याचा आकडा मात्र कमी धरायचा, कारण तोच जोर आता बोल्टला जास्त ताणतो.

त्यात आमचा उन्हाळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, पॅनेल त्याहून तापतं, सत्तरीच्या घरात. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडची पहाट आठ-दहा अंशांवर येते. म्हणजे साठ अंशांचा फरक धरा. दोन मीटर लांबीची ॲल्युमिनियमची चौकट तेवढ्या फरकाने पावणेतीन एमएम वाढते. खालची पोलादी पट्टी दीड एमएमहून कमी. दोघींमधला सव्वा-दीड एमएमचा फरक रोज थोडाथोडा त्या बोल्टच्या डोक्याखालून सरकत असतो. भोक लांबट ठेवलंय ते याच्यासाठी. बोल्ट ढिला असेल तर तो या सरकण्याने आणखी ढिला होत जातो. चिरडून आवळलेला असेल तर चौकट वाकते किंवा भोकापाशी फाटू लागते. मग मे-जूनमध्ये ते वादळ येतं, ज्याची रावेर-यावलचा प्रत्येक केळीवाला धास्ती घेतो. केळी आडवी होते, तेव्हा पॅनेलही उडतात. पंचनाम्यात लिहिलं जातं "वादळी वाऱ्यामुळे". वादळ होतंच. पण शेजारच्या शेतातलं, त्याच कंपनीचं, त्याच उंचीवरचं पॅनेल जागेवर का राहिलं, हे पंचनामा विचारत नाही. मी उडालेल्या पॅनेलचे बोल्ट हातात घेऊन पाहिले आहेत. काहींचे आटे कोरे करकरीत होते. नट जिथे राहिला होता तिथून पुढे तो कधी गेलाच नव्हता.

समुद्र नाही म्हणून गंज नाही, असंही कोणी समजू नये. पांढऱ्या पोटॅशमध्ये जवळपास निम्मं वजन क्लोराइडचं असतं, म्हणजे मिठात असतो तोच घटक. पॅनेलची सावली फुकटची, म्हणून खताच्या गोण्या आणि ठिबकची टाकी तिथेच ठेवायची आमच्याकडे पद्धत आहे. शिवाय करप्यावर, बुरशीवर तांब्याची औषधं फवारली जातात. तांब्याचा अंश ओल्या ॲल्युमिनियमवर बसला की तिथे बारीक खड्डे पडायला लागतात. वेगळ्या जातीचे दोन धातू, मध्ये खारट ओल, म्हणजे टॉर्चमधल्या सेलचाच कारभार. त्यात दर वेळी झिजतं ते ॲल्युमिनियम. स्टेनलेस तसंच चमकत राहतं. बोल्टभोवती पांढरी भुकटी दिसली तर ते मीठ किंवा चुना नाही, ती तुमची चौकट आहे.

हे सगळं ज्यांना रोज भोगावं लागतं, ते लोक समुद्रावर असतात. माझा भाचा माझ्याच लेथवर शिकला आणि आता गोव्यात शिडाच्या बोटी दुरुस्त करणाऱ्या एका यार्डात आहे. गोव्यात हे काम फार वरच्या दर्जाचं चालतं. दिलीप दोंदे २००९-१० साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले ती 'म्हादेई', आणि २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी जिच्यावरून जग फिरून आल्या ती 'तारिणी', या दोन्ही बोटी गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात बांधलेल्या. भाच्याचं यार्ड ते नव्हे, लहान आहे. पण तोही तेच प्रश्न सोडवतो. त्याने एकदा मला फोनवर विचारलं, "मामा, डोलकाठीला दोर अडकवायची खुंटी बसवायची आहे. सहाचा टॅप मारू का?"

आजकालच्या डोलकाठ्या बहुतेक ॲल्युमिनियमच्या, आतून पोकळ. भिंत तीनेक एमएमची. सहा एमएमच्या बोल्टचे आटे एकेका एमएमवर, म्हणजे तीन एमएमच्या भिंतीत आटे फक्त तीन. दोराला वाऱ्याचा झटका बसला की तीन आटे किती वेळ धरणार? मागून नट लावावा, तर डोलकाठी बारा-पंधरा मीटर लांबीची बंद नळी, हात कुठून घालणार? बोल्ट लांब घालावा, तर आतून जाणारे शिडाचे दोर आणि दिव्याच्या वायरी त्याच्या टोकावर घासून तुटणार. मी त्याला सांगितलं, सहाचा टॅप नको. वजन न येणाऱ्या वस्तूला पाचचा चालेल. त्याचे आटे जवळ जवळ असतात, त्याच भिंतीत पावणेचार बसतात. ओढ येणार असेल तर रिव्हेट मार, किंवा रिव्हेट-नट बसव, किंवा आतून जाडसर ॲल्युमिनियमची पट्टी सरकवून तिच्यात आटे पाड. त्याने शेवटी पट्टी सरकवली. डोलकाठी खाली उतरवलेली होती म्हणून जमलं.

पुढे त्याने जे सांगितलं ते मला नवं होतं. त्यांच्याकडे कुठलाही स्टेनलेस स्क्रू ॲल्युमिनियममध्ये कोरडा जात नाही. टेफ-जेल किंवा ड्युरॅलॅक नावाची पेस्ट लावल्याशिवाय मिस्त्री स्क्रू हातात घेत नाही. खुंटीच्या तळाखाली पातळ प्लास्टिकची पट्टी घालतात, म्हणजे दोन धातू एकमेकांना टेकत नाहीत. ड्रिल केल्यावर कीस झटकून, पुसून काढतात. आणि मोठ्या दुरुस्तीच्या वेळी महत्त्वाचे स्क्रू एकदा सोडवून, पुन्हा पेस्ट लावून बसवतात. न सोडवलेला स्क्रू काही वर्षांत असा धरतो की डोकं तुटतं, स्क्रू निघत नाही. खुल्या समुद्रात डोलकाठीवरचं काही सुटलं तर तिथे माझ्यासारखा लेथवाला नसतो, म्हणून त्यांना ही शिस्त परवडते. खरं तर त्यांना बेशिस्त परवडत नाही.

आमच्या शेतातल्या पंपालाही जवळपास कोणी नसतं. मग ही शिस्त इथे का नसावी?

मोजून आवळायची शिस्त मी स्वतः ओझरला शिकलो, एचएएलमध्ये शिकाऊ उमेदवार होतो तेव्हा. विमानाचं अंगही ॲल्युमिनियमचंच. तिथे बोल्ट "घट्ट झाला" असं म्हणायची सोय नव्हती. टॉर्क रेंचने ठरलेल्या आकड्याला आवळायचा, मग नटावरून खालच्या अंगापर्यंत लाल रंगाची एक बारीक रेघ ओढायची. नट पुढे कधी हलला तर रेघ तुटते आणि दहा फुटांवरून दिसते. आमचे फोरमन फार बोलत नसत; रेघ नसलेल्या नटाकडे फक्त बोट दाखवत, आणि तुम्ही सगळं पुन्हा करायचं. पारोळ्याला परत येऊन दुकान टाकलं तेव्हा लेथच्या आधी मी टॉर्क रेंच घेतला. लोक हसले. "तुमचा हात बसलेला नाही वाटतं," असंही एकाने ऐकवलं.

हात बसलेला असणं हा आमच्याकडे मिस्त्रीचा सर्वांत मोठा मान आहे आणि मी तो कमी लेखत नाही. बिडावर बसलेला हात बिडावर चुकत नाही. पण हिशेब करून पाहा. पॅनेलच्या आठ एमएमच्या बोल्टला कंपन्या साधारण १५ न्यूटन-मीटरच्या आसपासचा आकडा देतात. नेमका ज्याच्या त्याच्या पुस्तिकेत असतो. तेराचा पाना, हात पान्यावर पंधरा सेंटिमीटर लांब धरलेला, तर टोकाला दहा किलोचा जोर. भरल्या दुधाच्या कॅनला हात घालणाऱ्या माणसाला दहा किलो म्हणजे काहीच नाही. त्याला तो बोल्ट ढिला वाटणारच. तो आणखी दाबतो. पान्यात पाइप घातला तर लांबी दुप्पट आणि जोर कुठल्या कुठे. माणूस मजबूत आहे हा काही त्याचा दोष नव्हे, पण तेवढ्याने ॲल्युमिनियम मजबूत होत नाही.

कंत्राटदारांशी मी हे बोललो आहे. उत्तर ठरलेलं: "एवढं मोजत बसलो तर दिवसाला एकच पंप होईल." यात तथ्य आहे, म्हणून मी पोरांना बोल लावत नाही. नगावर पैसे देणाराच घाई विकत घेत असतो. पण मोजायला लागणारा वेळ हे लोक सांगतात तेवढा नाही. इम्पॅक्टने नट टेकेपर्यंत आणायचा, शेवटचा फेरा टॉर्क रेंचने द्यायचा, कट् असा आवाज आला की थांबायचं, मार्करने रेघ ओढायची. पाच एचपीच्या पंपाला पॅनेल असतात पंधराच्या आतबाहेर, प्रत्येकाला चार बोल्ट. सवय झालेल्या माणसाला जेवायच्या सुट्टीपेक्षा फार जास्त वेळ लागत नाही. बरा टॉर्क रेंच दोन-तीन हजारांत येतो. पंप काही लाखांचा आहे.

सरकारी यंत्रणेकडेही माझं बोट आहे. निविदेत पॅनेल किती वॉटचं, लोखंडावर जस्ताचा थर किती, नट-बोल्ट स्टेनलेसचे हवेत, हे सगळं लिहिलेलं असतं, आणि चांगलंच आहे. माल तपासला जातो. बसवणं तपासलं जात नाही. काम पूर्ण झाल्याच्या कागदावर शेतकऱ्याचा फोटो असतो, पाण्याच्या धारेचा फोटो असतो. त्याच कागदावर "किती न्यूटन-मीटरने आवळले" असा एक रकाना आणि नटांवरच्या रेघांचा एक जवळून काढलेला फोटो मागितला तर सरकारचा रुपया जास्त खर्च होणार नाही. रकाना आला की टेम्पोत टॉर्क रेंच येईल. माझा माणसाच्या सद्भावनेवर विश्वास आहे, पण रकान्यावर जास्त आहे.

दुसरं, शिकवण्याचं. 'सूर्यमित्र' नावाचं सरकारी प्रशिक्षण २०१५ पासून चालू आहे, आयटीआयमध्ये सौर तंत्रज्ञाचे अभ्यासक्रम आले आहेत. तिथून आलेली पोरं माझ्याकडे येतात. व्होल्ट, अँपिअर, सिरीज, पॅरलल तोंडपाठ. बोल्ट हा विषय त्यांच्या लेखी "ते मेकॅनिकल" असतो. मेकॅनिकलवाल्यांच्या लेखी ते "सोलरवाल्यांचं" असतं. फिटर ट्रेडला दोन वर्षं कानस चालवायला शिकवतात, शिकवावंच, पण वर्गातला जॉब अजून माइल्ड स्टीलचा. धुळे-जळगावच्या आयटीआयंनी एक सोपी गोष्ट करावी: दर विद्यार्थ्याला तीन एमएमच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीत सहाचे आटे पाडायला लावावेत, त्यात बोल्ट आवळत नेऊन ते मुद्दाम मोडायला लावावेत, आणि कुठल्या आकड्याला मोडले ते वहीत लिहायला लावावं. स्वतःच्या हाताने एकदा ती चकचकीत तार निघालेली पाहिली की पुढे व्याख्यानाची गरज राहत नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोराचं पहिलं काम हेच असतं. भंगारातला एखादा इंजिनाचा साइड कव्हर पुरतो.

घरगुती छतांचंही तसंच. फेब्रुवारी २०२४ पासून 'पीएम सूर्यघर' योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं, त्यामुळे धुळ्यातल्या नव्या कॉलन्यांत पॅनेल झपाट्याने लागताहेत. पत्र्याच्या छतावर पातळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्या सेल्फ-ड्रिलिंग स्क्रूने बसवतात. पत्रा अर्धा एमएमचा. स्क्रू खाली रबराचा वॉशर जेमतेम दबेपर्यंतच जायला हवा. त्यापुढे गेला तर पत्र्यातला आटा गेला. स्क्रू तिथे फक्त शोभेला राहतो आणि पहिल्या पावसात ते भोक गळायला लागतं. गळणाऱ्या भोकात एम-सील भरलेलं दिसलं तर समजा, मघाचा दुसरा इलाज छतावरही पोचला.

कोणी म्हणेल, एवढ्याशा बोल्टवर वर्तमानपत्राची जागा कशाला. खानदेशात शेतावर आणि घरावर आता जेवढं ॲल्युमिनियम चढलं आहे तेवढं पूर्वी कधी नव्हतं, आणि ते पंचवीस वर्षं टिकेल असं सांगून विकलं गेलं आहे. पॅनेल पंचवीस वर्षं टिकेलही. त्याला धरून ठेवणाऱ्या बोल्टची हमी कोणीच दिलेली नाही.

तेव्हा ज्यांचे पंप बसून झाले आहेत त्यांनी या पावसाळ्याआधी एक करावं. खताच्या गोण्या पॅनेलखालून हलवाव्यात. बोल्टभोवती पांढरी भुकटी, वाकलेली कड, हलणारा नट दिसला तर स्वतः पाना लावू नये. फोटो काढून, तारीख टाकून कंपनीकडे लेखी तक्रार करावी. पाच वर्षांची हमी त्यासाठीच आहे आणि तोंडी तक्रारीचा पुरावा राहत नाही. आणि ज्यांचा पंप अजून यायचा आहे त्यांनी टेम्पो बांधावर आला की चहा द्यावा, आणि टॉर्क रेंच दाखवायला सांगावा. तो टेम्पोत नसेल तर सही त्या दिवशी करू नये.